तळणाच्या जुन्या तेलाचं बायोडिझेल गाडीत घालण्याआधी

बायोडिझेलने प्रदूषण कमी होतं का, याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्या एका नावाखाली वेगवेगळ्या कुळांची इंधनं विकली जातात. फरसाणवाल्याच्या कढईतून निघालेल्या तेलाचं बायोडिझेल आणि थेट पाम तेलापासून केलेलं बायोडिझेल टाकीत सारखंच दिसतं. पर्यावरणाच्या हिशेबात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, स्कूल बस किंवा जनरेटर चालवणाऱ्याने हे इंधन घ्यायचं ठरवलं, तर फायदा खरा कसा पदरात पाडायचा, तो कुठे गळतो आणि इंजिनाला त्रास कशाने होतो, ते इथे दिलं आहे.

आधी तेलाचं कूळ विचारा

युरोपीय संघाच्या 2018 च्या अक्षय ऊर्जा निर्देशात प्रत्येक कच्च्या मालाची हरितगृह वायूंची गृहीत बचत दिलेली आहे. खनिज डिझेलच्या तुलनेत वापरलेल्या खाद्यतेलाचं बायोडिझेल 84 टक्के बचत करतं, सोयाबीनचं 50 टक्के, आणि ज्या पाम गिरणीचं सांडपाणी उघड्या तळ्यांत सडत मिथेन सोडतं तिथल्या तेलाचं अवघी 20 टक्के. या आकड्यांत जंगल तोडून किंवा दलदलीची पीट जमीन कोरडी करून लागवड केल्याचा भार धरलेलाच नाही. तो धरला तर पामचं बायोडिझेल खनिज डिझेलपेक्षाही वाईट ठरू शकतं.

आता हे आपल्या टाकीला लावून पाहू. महिन्याला 1000 लिटर डिझेल लागणाऱ्याने बी-20 वापरलं, म्हणजे 20 टक्के बायोडिझेल मिसळलं, तर 200 लिटर बायोडिझेल लागेल. लिटरमध्ये साधारण 33 मेगाज्यूल ऊर्जा असते, आणि त्याच निर्देशात खनिज इंधनाचा भार दर मेगाज्यूलला 94 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला आहे. गुणाकार केला की 200 लिटरमागे सुमारे 620 किलो येतात. तेल कढईतून आलेलं असेल तर त्यातले 520 किलो वाचले. वर सांगितलेल्या पाम गिरणीतून आलेलं असेल तर जेमतेम 124. पाइप तोच, इंजिन तेच, खर्चही जवळपास तोच. आणि चांगल्यात चांगलं तेल मिळालं तरी बी-20 मुळे एकूण भार पंधरा-सोळा टक्केच कमी होतो, हेही लक्षात असू द्या. ‘हरित वाहन’ असा स्टिकर लावण्याआधी हा आकडा आठवावा.

खाण्याचं ताजं तेल इंधनाला वापरणं आपल्याकडे तसंही अंगाशी येणारं आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आयात होतं आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामचा. म्हणून 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात अखाद्य तेलं, वापरलेलं खाद्यतेल आणि जनावरांची चरबी यांवर भर आहे. 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य त्याच धोरणातलं. प्रत्यक्षातलं मिश्रण अजून त्याच्या जवळपासही नाही.

मोगली एरंडाबद्दल, म्हणजे जट्रोफाबद्दल, थोडक्यात. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, भरघोस तेल देणारं झुडूप म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं स्वप्न दाखवलं गेलं, पण पडीक जमिनीत झुडूप जगतं, बियांचं उत्पन्न मात्र पडीकच राहतं. पाणी आणि खत द्यायचं तर मग ज्वारी-तूर का नको, हा शेतकऱ्याचा सवाल बिनतोड होता. बांधावर लावलेलं असेल तर बिया विषारी आहेत हे घरातल्या लहानग्यांना बजावून ठेवा, आणि पेंड गुरांना घालू नका. त्या मानाने करंज बरा. नत्र धरून ठेवणारं आपल्याकडचंच झाड, पेंड खताला चालते. पण बी गोळा करायला माणसं लागतात, आणि तिथेच गाडं अडतं.

धुराड्यातून काय कमी होतं, काय वाढतं

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2002 मध्ये अवजड डिझेल इंजिनांवरच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात बी-20 ने धुरातले कण सुमारे 10 टक्के, कार्बन मोनॉक्साइड 11 टक्के आणि न जळालेले हायड्रोकार्बन 21 टक्के कमी झाले. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र 2 टक्क्यांनी वाढले. शुद्ध बायोडिझेलवर, म्हणजे बी-100 वर, कण निम्म्याच्या जवळपास घटले आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सुमारे 10 टक्के वाढले. कारण एकच. बायोडिझेलच्या रेणूत वजनाने सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो. ज्वलन पूर्ण होतं म्हणून काजळी कमी. पण ज्वलनाची वेळ आणि तापमान बदलतं, त्यामुळे हवेतला नायट्रोजनही जास्त जळतो. शहरात उन्हाळ्यात जमिनीलगत साठणारा ओझोन याच ऑक्साइडांपासून बनतो.

हे आकडे जुन्या इंजिनांचे आहेत, आणि इथेच बहुतेक जाहिराती फसवतात. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो, आणि बऱ्याच गाड्यांत युरियाचं द्रावण मारून नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारी यंत्रणाही. तिथे इंधन बदलून धुरात फारसा फरक पडत नाही. गंधक नसण्याचा फायदाही उरला नाही, कारण बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दर किलोला 10 मिलिग्रॅमच्या आत आलं आहे. सांगायचं म्हणजे, धुराचा खरा फायदा जुना ट्रॅक्टर, जुना टेम्पो, विहिरीवरचं इंजिन आणि जनरेटर यांना. नव्या गाडीला फायदा होतो तो फक्त कार्बनच्या खात्यात.

त्या खात्यातही एक बारीक छिद्र आहे. बायोडिझेल बनवायला मिथेनॉल लागतं आणि ते बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतं. बायोडिझेल म्हणजे मेदाम्लांचे मिथेनॉलशी जोडलेले रेणू, ज्यांना एस्टर म्हणतात. ओलेइक आम्लाच्या एस्टरचा रेणू घेतला तर त्यात 19 कार्बन असतात. त्यांतला एक मिथेनॉलमधून आलेला, म्हणजे खनिज. तेवढ्यापुरतं हे इंधन शंभर टक्के जैविक नाही.

तेल गोळा करणाऱ्याने काय पाळायचं

बायोडिझेलचा दर्जा कारखान्यात ठरतो असं वाटतं, पण निम्मा तो हॉटेलच्या मागच्या दारीच ठरलेला असतो.

तळणाच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे टीपीसी, 25 टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी बाद. हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्याने नोंद ठेवायची आणि बाद तेल नोंदणीकृत संकलकालाच द्यायचं, हे मार्च 2019 पासून. बाद तेलाचं बायोडिझेल करण्याची मोहीम ‘रुको’ या नावाने चालते. यातला आरोग्याचा फायदा आम्ही कार्बनच्या फायद्याइतकाच मोठा मानतो. हे तेल इंधनाकडे वळलं नाही तर ते स्वस्तात रस्त्यावरच्या गाडीवर जाऊन पुन्हा वडे तळतं, किंवा मोरीत ओतलं जाऊन गटाराच्या पाइपात चिकटून बसतं.

गोळा करताना तेल 50 अंशांच्या खाली येऊ द्या, पण पार थंड नको, नाहीतर पामचा अंश थिजून फडक्यात अडकतो. दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा. पीठ आणि बेसनाचा चुरा राहिला तर तेल आंबतं. कॅन कोरडाच हवा. भांडी धुतलेलं पाणी, फ्रिजखालच्या ट्रेमधली चरबी, डाळीवरून काढलेलं तवंगाचं तेल, काहीही त्यात ओतायचं नाही. पाणी आणि उष्णता मिळाली की तेल फुटून मोकळी मेदाम्लं सुटतात, आणि तीच पुढे साबण होऊन माल खातात. कॅन उन्हात, गच्चीवर ठेवू नका.

मेदाम्लं किती आहेत हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवा. वेगळ्या लहान काचेच्या बाटलीत 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि त्यात चिमूटभर हळद टाका. आधी या अल्कोहोललाच थेंब-थेंब द्रावण देऊन रंग जेमतेम लालसर करून घ्या, म्हणजे अल्कोहोलची स्वतःची आम्लता मोजणीत येणार नाही. मग 1 मिली तेल घाला. रंग परत पिवळा होईल. आता सिरिंजने द्रावण थेंब-थेंब सोडा, हलवत राहा, आणि लालसर रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिली लागले, त्यातला प्रत्येक मिली म्हणजे साधारण अर्धा टक्का मेदाम्लं. दोन-तीन मिलीत काम झालं तर तेल उत्तम. चार मिलीपर्यंत चालतं. त्यापुढे गेलं तर कारखान्याला आधी गंधकाम्ल आणि मिथेनॉलची वेगळी प्रक्रिया करावी लागते, नाहीतर टाकीत इंधनाऐवजी साबणाचा लगदा तयार होतो. हळदीऐवजी फिनॉल्फ्थॅलिन हा रंगदर्शक मिळालं तर उत्तम, पण काळपट पडलेलं तेल असेल तर हळदीचा लाल रंग नीट दिसत नाही, तेव्हा अल्कोहोल दुप्पट घ्या.

कारखानदाराला विचारायचे प्रश्न

प्रक्रिया थोडक्यात अशी. 100 लिटर स्वच्छ, पाणी काढलेल्या तेलात साधारण 20 लिटर मिथेनॉल आणि तेलाच्या लिटरमागे 7-8 ग्रॅम कॉस्टिक पोटॅश घालतात. वरच्या चाचणीत जितके मिली लागले, लिटरमागे तितके ग्रॅम आणखी. 55 अंशांवर तास-दोन तास ढवळतात आणि रात्रभर निवळू देतात. वर बायोडिझेल, खाली काळसर ग्लिसरीन. रसायनाच्या हिशेबाने 12-13 लिटर मिथेनॉल पुरतं. उरलेलं मुद्दाम जास्त घालतात, नाहीतर क्रिया अर्ध्यावर थांबते.

हे वाचून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम लावायची इच्छा झाली, तर ती तिथेच दाबा. मिथेनॉल 65 अंशांना उकळतं, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि ते पोटात गेलं, किंवा त्याची वाफ फार वेळ श्वासात गेली, तर दृष्टी जाते, जीवही जातो. जून 2015 मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलने. त्याची साठवण आणि विक्री परवान्याखाली आहे, आणि ते योग्यच आहे.

तर कारखानदाराला तीन गोष्टी विचारा. पहिली, जास्तीचं मिथेनॉल उकळून परत गोळा करता का? न करणारा ते हवेत किंवा सांडपाण्यात सोडतो, आणि मग 84 टक्क्यांची बचत कागदावरच राहते. दुसरी, धुण्याचं पाणी कुठे जातं? पाण्याने धुतल्यास एका लिटर बायोडिझेलमागे एक ते तीन लिटर साबणाचं, मिथेनॉल मिसळलेलं पाणी निघतं. ते नाल्यात गेलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. रेझिनवरून, म्हणजे अशुद्धी शोषणाऱ्या दाण्यांवरून, कोरडं शुद्धीकरण करणारा कारखाना या बाबतीत बरा, पण वापरलेल्या रेझिनचं काय करतो तेही विचारा. तिसरी, ग्लिसरीन कोण नेतं? शंभर किलो तेलामागे दहाएक किलो ग्लिसरीन निघतंच. त्यात मिथेनॉल आणि अल्कली असते. मिथेनॉल काढून साबणवाल्याला, किंवा थोडं-थोडं बायोगॅसच्या टाकीला देणं ठीक. ‘शेतात ओततो’ असं उत्तर आलं तर दुसरा कारखाना शोधा.

नमुना हातात आल्यावर

आय.एस. 15607 या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी अहवाल मागा, आणि तो त्याच बॅचचा आहे ना ते तारखेवरून पाहा. एस्टरचं प्रमाण 96.5 टक्क्यांच्या वर, पाणी दर किलोला 500 मिलिग्रॅमच्या आत, मिथेनॉल 0.20 टक्क्यांच्या आत, एकूण ग्लिसरॉल 0.25 टक्क्यांच्या आत, आम्ल मूल्य 0.50 च्या आत. या पाच ओळी पाहिल्या तरी निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं स्वतः करायचं, कारण अहवाल एका बॅचचा आणि टँकर दुसऱ्या बॅचचा असं घडतं.

घनता: पंपावर असतो तसा हायड्रोमीटर आणि थर्मामीटर घ्या. 15 अंशांला बायोडिझेल घनमीटरला 860 ते 900 किलोमध्ये भरतं. दर अंशाला साधारण 0.7 उतरतं, म्हणजे 30 अंशांच्या दुपारी 850 ते 890 दिसायला हवं. 820 च्या आसपास दिसलं तर ते बायोडिझेल नाही, डिझेल किंवा सॉल्व्हंट आहे.

मिथेनॉलमध्ये विरघळण्याची चाचणी सर्वांत उपयोगी. काचेच्या नळीत 27 मिली मिथेनॉल आणि 3 मिली नमुना घ्या, बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. दोन्ही 20 ते 22 अंशांना हवेत. मे महिन्यात टेबलावर केलेली चाचणी खोटा दिलासा देते, कारण गरम मिथेनॉलमध्ये कच्चं तेलही बरंच विरघळतं. पूर्ण पारदर्शक द्रावण दिसलं तर क्रिया पुरी झालेली. तळाशी थेंब किंवा पिवळा थर साठला तर तेल कच्चंच राहिलं आहे, आणि तेच नोजलच्या टोकावर कोळसा होऊन बसेल. ‘बायोडिझेल’ म्हणून रस्त्याकडेच्या टाक्यांतून विकलं जाणारं बेस ऑइलच्या, म्हणजे वंगणाच्या मूळ तेलाच्या, जातीचं खनिज तेलही इथेच उघडं पडतं, कारण ते मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. अगदी थोडी भेसळ मात्र या चाचणीतून सुटू शकते. रबरी हातमोजे घाला, उघड्यावर करा, आणि मिथेनॉल कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका.

मग पाण्याची चाचणी. अर्धी बाटली पाणी, अर्धी नमुना, दहा सेकंद जोरात हलवा आणि अर्धा तास ठेवा. दोन थर स्पष्ट वेगळे झाले आणि खालचं पाणी गढूळ नसेल तर साबण निघून गेलेला आहे. मध्ये ताकासारखा पांढरा थर राहिला तर माल परत. त्या साबणातलं सोडियम-पोटॅशियम डीपीएफमध्ये राख होऊन साठतं, आणि साधा फिल्टर स्वस्त असला तरी डीपीएफ नाही.

शेवटी एक बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पामच्या तळणापासून केलेलं बायोडिझेल 13 ते 16 अंशांनाच गढूळ होऊ लागतं. सकाळी बाटली तुपासारखी थिजलेली दिसली तर निफाड-नाशिककडे, जिथे थंडीत पारा एक आकड्यात उतरतो, हे इंधन डिसेंबर-जानेवारीत 5 टक्क्यांपेक्षा जास्त मिसळू नका. कोकणात आणि मुंबईत याच मालाची फारशी अडचण नाही.

खरेदी बिलावरच करा. वाहनांसाठी बायोडिझेल विकण्याचे केंद्राचे नियम 2019 मध्ये आले, आणि विनापरवाना टाक्यांवर पुरवठा विभागाच्या धाडी पडतात तेव्हा बिल नसलेला ग्राहकही चौकशीत ओढला जातो.

गाडीची तयारी

आधी गाडीची पुस्तिका उघडा. पंपावरच्या साध्या डिझेलमध्येच 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं आणि बहुतेक नव्या गाड्यांची परवानगीही तिथेच थांबते. बीएस-6 गाडीत त्यापुढे जाऊ नका. वॉरंटी हे एक कारण. दुसरं इंजिन ऑइलचं. काजळीचा फिल्टर साफ करायला ही इंजिनं थोडं इंधन उशिरा फवारतात. डिझेलचा जो भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो तो तापून उडून जातो. बायोडिझेल 330 अंशांच्या वर उकळतं, त्यामुळे ते उडत नाही, ऑइलमध्येच साठून ते पातळ करतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी न होता वाढताना दिसली तर हाच प्रकार.

जुन्या इंजिनांत बी-20 पर्यंत जायचं तर एवढं करा. टाकीचा तळाचा बोल्ट उघडून पाणी आणि गाळ काढा. बायोडिझेल हे चांगलं सॉल्व्हंट आहे. वर्षानुवर्षं टाकीत चिकटलेला डांबरासारखा थर ते सोडवतं आणि थेट फिल्टरकडे पाठवतं. म्हणून पहिल्या एक-दोन टाक्या 5 टक्के, मग 10, मग 20, आणि या काळात दोन फिल्टर गाडीत ठेवायचे. पहिल्या दोन टाक्या संपल्या की फिल्टर न विचारता बदला. नैसर्गिक रबर आणि साधे नायट्राइल रबर जास्त मिश्रणात फुगतात, चिकट होतात. बी-100 चालवायचं तर रिटर्न लाइन, ओ-रिंग आणि फीड पंपाचा डायफ्रॅम व्हिटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराचा हवा. बी-20 मध्ये पाइप लगेच जात नाहीत, पण दर महिन्याला दाबून पाहा. पितळ, तांबं आणि जस्त बायोडिझेलला लवकर खराब करतात, तेव्हा जी.आय.ची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, टाकी आणि पितळी नळ नको. लोखंड, स्टेनलेस, ॲल्युमिनियम किंवा एचडीपीई प्लास्टिक चालेल.

मिसळताना आधी डिझेल, वरून बायोडिझेल. ते जड असल्यामुळे खाली उतरत आपोआप मिसळतं. उलट केलं तर ते तळाशी बसून राहतं आणि इंजिनाला सुरुवातीला शुद्ध बायोडिझेलच मिळतं. मायलेजमध्ये बी-20 ला एक-दोन टक्के घट धरा, बी-100 ला आठ टक्क्यांच्या आसपास. बोनेटवर सांडलं तर लगेच पुसा, रंग मऊ पडतो. पुसलेली फडकी ढिगात ठेवू नका. न सुकलेलं असंतृप्त तेल हवेशी क्रिया करत तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा.

आणि गाळलेलं तळणाचं तेल थेट डिझेलमध्ये ओतण्याचा जो ‘जुगाड’ काही ट्रॅक्टरवाले करतात, तो बायोडिझेल नव्हे. 40 अंशांना तेलाचा घट्टपणा डिझेलच्या दहापट असतो. फवारा नीट फुटत नाही, नोजलवर कोळसा बसतो, रिंगा चिकटतात, न जळालेलं तेल चेंबरमध्ये उतरून ऑइलचा चिखल होतो. धूरही वाढतो. पहिले काही दिवस इंजिन गोड चालतं, म्हणूनच लोक फसतात.

साठवण आणि नेहमीचे बिघाड

बायोडिझेल सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि पावसाळ्यात तर त्याहून कमी. ते डिझेलच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्यावर दव धरतं, तळाशी पाणी साठतं, आणि पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर जंतूंची काळी, बुळबुळीत साय वाढते. टाकी भरलेली ठेवा, तळाचं पाणी दर आठवड्याला सोडा. सावलीत, झाकण घट्ट. चव बिघडलेल्या शेंगदाण्यासारखा खवट वास येऊ लागला तर ते इंधन ऑक्सिडाइज झालं. ताज्या मालात मिसळून खपवण्याचा मोह टाळा, त्यातलं आम्ल पंपाचा प्लंजर खातं. लग्नसराई संपल्यावर महिनोन्महिने उभा राहणारा जनरेटर असेल तर शेवटची टाकी साध्या डिझेलवर चालवून मगच बंद करा.

सांडलं तर डिझेलपेक्षा ते मातीत बरंच लवकर कुजतं आणि आग धरायलाही जास्त तापमान लागतं, म्हणून विहिरीजवळच्या इंजिनाला आणि बोटीला ते बरं. पण पाण्यात मोठ्या प्रमाणात गेलं तर कुजतानाच पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. ‘जैविक आहे, काही होत नाही’ म्हणून ओढ्यात कॅन विसळू नका.

गाडी चढावर दम टाकते, सपाटीला ठीक चालते: फिल्टर चोक. बदला, आणि जुना कापून पाहा. तपकिरी कोरडा गाळ असेल तर टाकीतला जुना थर सुटला आहे, दोन-तीन फिल्टरांत संपेल. काळी साय असेल तर टाकी रिकामी करून धुवावीच लागेल. पांढरं मेणासारखं काही असेल आणि सकाळ थंड असेल तर इंधन थिजलं आहे. फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, ज्योत लावू नका, आणि पुढच्या भरण्याला मिश्रण कमी करा.

सकाळी स्टार्टला पांढरा धूर आणि खवट वास येतो, इंजिन तापल्यावर थांबतो: कच्चं तेल राहिलेला माल. उरलेल्यावर मिथेनॉलची चाचणी पुन्हा करा आणि नमुन्याची बाटली तारीख घालून ठेवा, पुरवठादाराशी बोलताना तीच उपयोगी पडते.

पंपाच्या सीलमधून झिरपा लागला आणि नुकतंच बी-20 वरून साध्या डिझेलवर परत आला असाल, तर फुगलेलं रबर आता आक्रसलं आहे. सील बदला. दोन इंधनांत वरचेवर उलटसुलट करणाऱ्या गाड्यांत हा त्रास सर्वांत जास्त दिसतो, म्हणून एकच मिश्रण ठरवा आणि त्यावर वर्षभर राहा.